मुलांना मुंबई दाखवताना

(संस्थेच्या वार्षिक कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





संस्थेच्या मेळाव्यात शिक्षण, नोकरी, आरोग्य, संघटन अशा विषयांवर भाषणे होतात आणि ती व्हायलाच हवीत. आम्हा उभयतांना मात्र कार्यकारिणीने वेगळाच विषय दिला. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोन लहान मुलांना आणि आमच्या वृद्ध वडिलांना घेऊन पाच दिवस मुंबई पाहून आलो. त्याचा अनुभव आणि त्यातून इतर कुटुंबांना उपयोगी पडेल अशी माहिती सांगावी, अशी सूचना होती. सहलीवर भाषण काय करायचे, असे प्रथम वाटले. पण विचार करता करता लक्षात आले की हा विषय दिसतो तेवढा किरकोळ नाही.

मित्रहो, आपल्या घरांमध्ये सुट्टी म्हणजे मामाचे गाव. प्रवास म्हणजे लग्न, मयत, दवाखाना, परीक्षा किंवा मुलाखत. मुंबईला जायचे ते ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करायला, नाहीतर मंत्रालयात कामासाठी. केवळ शहर पाहण्यासाठी, मुलांचे बोट धरून, सावकाश, पैसे मोजून जावे हा विचार आपल्याकडे अजून चैन समजला जातो. आमच्या शेजाऱ्यांनीही विचारले, "एवढा खर्च करून नुसते बघायचेच?" या प्रश्नाचे उत्तर म्हणून आमचे आजचे बोलणे समजावे.

आपल्या आधीच्या पिढ्या मुंबईला गेल्याच नाहीत असे नाही. अण्णा भाऊ साठे लहानपणी आपल्या कुटुंबाबरोबर वाटेगावहून पायी चालत मुंबईला आले, हे विद्यार्थ्यांनी वाचले असेल. कोकणातून, घाटावरून, विदर्भ-मराठवाड्यातून हजारो माणसे गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत आणि सफाईच्या कामात गेली. आमचे वडील १९६९ साली परळच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्याच वर्षी ते गावी परतले. तेरा वर्षे त्यांनी त्या शहरात काढली. पण खोली, गिरणी, खानावळ आणि पोस्टातून घरी पाठवायची मनीऑर्डर एवढीच त्यांची मुंबई होती. गेटवे ऑफ इंडिया त्यांनी एकदा पाहिला होता, तोही एका मोर्चाच्या दिवशी लांबून. म्हणून या वेळी ठरवले की नातवंडांबरोबर आजोबाही येतील. ते शहर त्यांनाही पाहायला मिळाले पाहिजे.

प्रथम तयारीविषयी सांगतो. आम्ही वर्षभर आधी आवर्ती ठेवीचे खाते उघडले आणि दरमहा ठरावीक रक्कम भरली. सहलीसाठी कर्ज काढायचे नाही, हा पहिला नियम. दुसरे म्हणजे काळ. जून ते सप्टेंबर मुंबईत पाऊस, मे महिन्यात घाम; लहान मुलांना घेऊन जायचे तर दिवाळीनंतरचे दिवस किंवा हिवाळा बरा. अकोल्याहून विदर्भ एक्सप्रेसला रात्री बसले की सकाळी मुंबई येते, मुलांची झोपही होते आणि एका रात्रीचा मुक्काम वाचतो. पाच वर्षांखालील मुलाला रेल्वेचे तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट, मात्र स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे द्यावे लागते. आरक्षण आधीच करावे.

मुक्काम मध्यवर्ती ठिकाणी घ्यावा. आम्ही दादरला एका साध्या लॉजमध्ये दोन खोल्या घेतल्या. दादरला मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वे मिळतात, खानावळी आहेत, भाजी-फळे आहेत आणि रात्री मूल तापले तर डॉक्टर जवळ असतात. लांबच्या उपनगरात स्वस्त खोली घेतली तर वाचलेले पैसे येण्या-जाण्यात आणि मुलांच्या रडण्यात जातात.

आता लहान मुलांबाबतचे काही नियम, जे आम्ही निघण्यापूर्वी घरीच बसून लिहून काढले होते.

एक, दिवसाला एकच मोठे ठिकाण आणि जमल्यास एक छोटे. मोठ्या माणसांना वाटते की आलोच आहोत तर सगळे उरकून घेऊ. सहा वर्षांच्या मुलाचे पाय आणि डोळे दुपारपर्यंतच साथ देतात. सकाळी लवकर निघावे, दुपारी विश्रांती घ्यावी, संध्याकाळी समुद्रावर नुसते बसावे.

दोन, लोकलचा प्रवास सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळेत टाळावा. चढताना एक मोठा माणूस आधी, मुले मध्ये, दुसरा मोठा माणूस शेवटी. मुलांना आधीच सांगून ठेवावे की चुकून गाडी सुटली आणि आपण मागे राहिलो, तर आहे तिथेच उभे राहायचे, हलायचे नाही. गाडीत बसलेल्याने पुढच्या स्थानकावर उतरून परत यायचे.

तीन, प्रत्येक मुलाच्या खिशात नाव, आईवडिलांचा फोन नंबर आणि मुक्कामाचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी असावी. रेल्वेची मदतवाणी १३९ आणि मुलांसाठीची १०९८ हे आकडे मुलांकडून पाठ करून घ्यावेत. आमच्या धाकट्याने ते पाढ्यासारखे पाठ केले आणि डब्यातल्या अनोळखी माणसांनाही ऐकवले.

चार, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटे, केळी, एक जादा कपड्यांचा जोड आणि औषधे एका वेगळ्या पिशवीत ठेवावीत. स्वच्छतागृह दिसले की गरज असो वा नसो, मुलांना नेऊन आणावे. हे बोलायला क्षुल्लक आहे, पण सहलीचा निम्मा आनंद यावर अवलंबून असतो.

पाच, सहलीत आईलाही सुट्टी असावी. पुष्कळ कुटुंबांत ठिकाण बदलते, पण पोळ्या लाटणे, कपडे धुणे, मुलांना भरवणे हे सर्व बाईकडेच राहते. आम्ही कामे वाटून घेतली. मुलांची आंघोळ व कपडे वडिलांकडे, पैशांचा हिशेब आईकडे, पाण्याच्या बाटल्या भरणे थोरलीकडे. स्टोव्ह बरोबर नेलाच नाही.

आणि सहावे, साप्ताहिक सुट्टीचे वार आधी पाहावेत. राणीची बाग बुधवारी बंद असते. घारापुरीची लेणी आणि बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते. तिकिटांचे दर बदलत असतात, ते निघण्यापूर्वी विचारून घ्यावेत.

आता जे पाहिले त्याविषयी.

पहिला दिवस स्थानकापासूनच सुरू झाला. ज्या इमारतीत आपण गाडीतून उतरतो ती स्वतःच पाहण्याची वस्तू आहे, हे धावपळीत कुणाच्या लक्षात येत नाही. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने तिचा आराखडा केला आणि १८७८ साली काम सुरू होऊन दहा वर्षांत ती उभी राहिली. व्हिक्टोरिया टर्मिनसचे १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ साली नावात 'महाराज' जोडले गेले. २००४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. भारतातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी येथूनच जवळच्या बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत धावली. मुलांना आम्ही सन सांगितले नाहीत. रस्त्याच्या पलीकडे उभे करून सांगितले की भिंतीवर दगडात कोरलेले प्राणी शोधा. फाटकाच्या खांबांवरचा सिंह आणि वाघ त्यांना लगेच सापडले. सिंह इंग्रजांचा आणि वाघ आपला, हे कळल्यावर धाकट्याने वाघाची बाजू घेतली.

तेथून गेटवे. १९११ साली इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज मुंबईत उतरला, त्याच्या स्मरणार्थ जॉर्ज विटेट याने ही कमान उभारली. ती पुरी झाली १९२४ साली. आणि याच कमानीखालून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण मायदेशी गेली. राजाच्या स्वागतासाठी बांधलेल्या दारातून राजाचेच सैन्य निघून गेले, ही गोष्ट मुलांना फार आवडली. इतिहास असा दारापाशी उभे राहून सांगितला की वेगळा पाठ करावा लागत नाही.

घारापुरीला या वेळी गेलो नाही. बोटीचा तासाभराचा प्रवास आणि वर शंभराहून अधिक पायऱ्या, वडील आणि धाकटा दोघांनाही त्रासाच्या झाल्या असत्या. ज्यांना जायचे असेल त्यांनी एक लक्षात ठेवावे. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून माणसे दगावली. जीवरक्षक जाकीट अंगात घातल्याशिवाय मुलाला बोटीत बसू देऊ नये, आणि आपणही बसू नये.

दुपारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो. पूर्वीचे हे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, १९२२ साली लोकांसाठी उघडले. हा घुमट पाहून वडील पायरीपाशी थांबले. अंगावर धोतर, डोक्यावर टोपी, पायात वहाणा. म्हणाले, "तुम्ही जाऊन या, मी बसतो इथं. आत साहेब लोक असतील." तेरा वर्षे ज्या माणसाने या शहराचे कापड विणले, त्याला त्या शहराच्या संग्रहालयाची पायरी चढायला संकोच वाटत होता. कुणीही त्यांना अडवले नव्हते. दारावरचा माणूस तर नमस्कार करत होता. आम्ही समजावीत होतो, तेवढ्यात थोरलीने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "आजोबा, तुमचं तिकीट काढलंय." तिच्या दृष्टीने प्रश्न तेवढाच होता. आजोबा उठले आणि आत आले.

बंधू-भगिनींनो, सहलीचा खर्च कशासाठी, याचे आमचे उत्तर या एका वाक्यात आहे. 'हे आपल्यासाठी नाही' असे वाटण्याची सवय एका पिढीत लागत नाही आणि एका पिढीत जातही नाही. संग्रहालय, ग्रंथालय, विज्ञान केंद्र, विद्यापीठ यांच्या पायऱ्या ज्या मुलाने सहाव्या वर्षी चढल्या, तो अठराव्या वर्षी प्रवेशाचा अर्ज घेऊन जाताना पायरीपाशी थांबणार नाही.

आत सोपाऱ्याला सापडलेला सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा आहे. सिंधमधील मीरपूर खास येथील स्तूपाच्या भाजक्या मातीच्या मूर्ती आहेत. मातीच्या मूर्ती इतकी शतके टिकल्या कशा, हा थोरलीचा प्रश्न होता, आणि मग भट्टी, विटा, कुंभार असे बोलणे बराच वेळ चालले. २०१९ पासून याच आवारात खास मुलांसाठीचे संग्रहालयही आहे. संग्रहालयासमोरच एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत आहे. याच कॉलेजातून शिकून बाबासाहेब १९१२ साली बी.ए. झाले. विद्यार्थ्यांना ती रस्त्यावरून तरी अवश्य दाखवावी.

दुसरा दिवस राणीच्या बागेचा. १८६२ साली सुरू झालेल्या या बागेचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. २०१६ साली आणलेले हंबोल्ट पेंग्विन पाहायला मुलांची झुंबड असते. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा हा पक्षी मुंबईच्या उकाड्यात कसा राहतो, याचे उत्तर काचेपलीकडच्या थंड दालनात आहे. पण आमच्या मुलांना जास्त आठवतो तो दगडाचा हत्ती. पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा हे नाव ज्या हत्तीवरून दिले, तो हा हत्ती. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना साखळी तुटली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. पुढे १९१४ साली ते तुकडे जोडले गेले. आज तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उभा आहे. "साखळी तुटली म्हणून तो आपल्याकडे राहिला," असे धाकटा घरी आल्यावर सर्वांना सांगत होता.

तिसरा दिवस आजोबांचा होता. परळ, लालबाग या भागात त्यांनी आम्हाला फिरवले. जिथे भोंगा वाजायचा तिथे आज काचेच्या उंच इमारती आहेत. एखादे जुने धुराडे मध्येच उभे दिसते. धाकट्याने विचारले, "आजोबा, तुमची गिरणी कुठे गेली?" आजोबा म्हणाले, "गिरणी गेली. काम करणारे गावाला गेले. जागा तेवढी राहिली." याहून सोप्या शब्दांत आम्हाला संपाचा इतिहास सांगता आला नसता.

परळलाच बीआयटी चाळ आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत सुधार मंडळ स्थापन झाले आणि त्याने या चाळी बांधल्या. १९३४ पर्यंत बाबासाहेबांचे बिऱ्हाड येथे होते. पन्नास आणि एक्कावन्न क्रमांकाच्या त्या दोन लहान खोल्या. चाळीत कुटुंबे राहतात, त्यामुळे खालून नमस्कार करून यावे, कुणाच्या दारात गर्दी करू नये. नंतर दादरच्या हिंदू कॉलनीतील राजगृहाला गेलो. पुस्तकांसाठी घर बांधणारा माणूस, ही कल्पनाच मुलांना नवीन होती. दोन खोल्यांत एवढा अभ्यास कसा केला, असे थोरलीने विचारले. आमच्याही घरात दोनच खोल्या आहेत. आम्ही उत्तर दिले नाही, तिचे तिलाच सापडेल.

संध्याकाळी चैत्यभूमी. ७ डिसेंबर १९५६ रोजी येथे बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. ६ डिसेंबरला तेथे लाखोंचा समुदाय येतो आणि त्या दिवसाचे महत्त्व वेगळेच आहे. पण अगदी लहान मुलांना स्मारक नीट दाखवायचे असेल तर इतर दिवशी जावे. शांतता असते, प्रश्न विचारता येतात, समुद्राचा आवाज ऐकू येतो.

चौथ्या दिवशी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीची लेणी पाहिली. फाटकापासून लेणी काही किलोमीटर आत आहेत, तेथवर बस जाते. शंभराहून अधिक लेणी एकाच डोंगरात आहेत आणि जवळजवळ हजार वर्षे तेथे भिक्खूंचा राबता होता. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही बाजूंना बुद्धांच्या भव्य उभ्या मूर्ती आहेत. पण मुलांना दाखवण्यासारखी मोठी गोष्ट म्हणजे पाणी. डोंगरावरून वाहणारे पावसाचे पाणी कोरलेल्या पन्हळींतून टाक्यांत नेलेले आहे. लेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे. कल्याण, सोपारा, नाशिक येथील व्यापाऱ्यांनी आणि गृहस्थांनी दिलेल्या दानांच्या नोंदी भिंतींवर आहेत. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या मुलांनी दोन हजार वर्षांपूर्वीची ही पाणी साठवण्याची रीत पाहावी, असे आम्हाला मनापासून वाटते. तेथे माकडे खाऊ हिसकावतात, म्हणून पिशव्या बंद ठेवाव्यात. आणि लेण्यांच्या भिंतीवर स्वतःचे नाव कोरणाऱ्या कुणाला पाहिले तर मुलांसमोरच त्याला नम्रपणे थांबवावे.

शेवटच्या दिवशी काहीच ठरवले नव्हते. मुलांना विचारले, तर त्यांनी बेस्टची बस सांगितली. जुन्या लाल डबलडेकर गाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या. आता त्याच बांधणीच्या विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित गाड्या आहेत. वरच्या मजल्यावर पुढच्या खिडकीशी बसून शहर पाहण्याचे सुख थोडक्या पैशांत मिळते. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र आणि मलबार हिलचा म्हातारीचा बूट राहून गेला. पुढच्या वेळी पाहू. पाहण्यासारखे काही शिल्लक ठेवून परतलेले बरे.

खर्चाचे विचाराल तर रेल्वेभाडे आणि मुक्काम यांत निम्म्याहून अधिक रक्कम गेली. प्रवेश तिकिटे, लोकल आणि बस यांना त्या मानाने फार थोडे लागले. याचा अर्थ असा की मुक्कामाची सोय झाली तर ही सहल आपल्यातील पुष्कळ कुटुंबांच्या आवाक्यात येते. म्हणून संस्थेपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो.

पहिली, नोकरीनिमित्त मुंबईत राहणाऱ्या आपल्या सभासदांपैकी जे दोन दिवस एखाद्या कुटुंबाला आसरा देऊ शकतील, त्यांची स्वेच्छेने यादी करावी. दुसरी, दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत, ज्यांचे आईवडील रोजंदारीवर आहेत अशा मुलांची एक सहल संस्थेने काढावी. त्यात मुली निम्म्या असाव्यात आणि त्यांच्याबरोबर शिक्षिका असाव्यात. त्यासाठी आम्ही आमच्या आवर्ती ठेवीत उरलेली रक्कम आजच अध्यक्षांकडे देत आहोत. रक्कम लहान आहे, पण सुरुवात म्हणून ती स्वीकारावी. तिसरी, सहलीहून आलेल्या प्रत्येक मुलाने एक पान लिहावे आणि ती पाने संस्थेच्या वाचनालयात ठेवावीत.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही उद्या शिकायला, नोकरीला मोठ्या शहरांत जाल. तेव्हा खोली आणि कचेरी एवढेच शहर समजू नका. ज्या शहराच्या उभारणीत आपल्या आजोबा-पणजोबांचा घाम आहे, त्याची संग्रहालये, बागा, वाचनालये आणि समुद्रकिनारे तुमचेही आहेत. तिकीट काढा आणि आत जा. जाताना घरच्या म्हाताऱ्यांनाही बरोबर न्या.



जयभीम.